घरच्याच सामानातून पंधरा मिनिटांत झणझणीत नूडल्स

आमच्या सुक्या नूडल्सचं पाकीट नेणारे ग्राहक दोन तक्रारी हमखास सांगतात: तिखट करपून कडवट लागतं, नाहीतर नूडल्सचा लगदा होतो. दोन्ही टाळता येतात, म्हणून पाकिटासोबत हे पत्रक देतो आहोत.

दोघांसाठी 200 ग्रॅम नूडल्स घ्या. बाकी सामान असं: सोया सॉस 2 मोठे चमचे, व्हिनेगर 1 मोठा चमचा, साखर 1 छोटा चमचा, लाल तिखट आणि चिली फ्लेक्स प्रत्येकी 1 छोटा चमचा, लसणाच्या 4-5 पाकळ्या, तीळ 1 छोटा चमचा, तेल 3 मोठे चमचे. पीनट बटर असेल तर 1 मोठा चमचा घ्या. त्याने सॉसला अंग येतं.

पाणी उकळायला ठेवण्याआधी सॉसची तयारी करा. नूडल्स शिजल्यावर कोणासाठी थांबत नाहीत.

तिखटाला तेल

तापलेल्या तेलात तिखट टाकलं की ते काही सेकंदांत काळं पडतं. आम्ही उलटं करतो: तिखटावर तेल ओततो. स्टीलचा किंवा उष्णता सोसणारा जाड चिनी मातीचा वाडगा अगदी कोरडा पुसून घ्या, प्लॅस्टिकचा नको. त्यात लाल तिखट, चिली फ्लेक्स, तीळ आणि बारीक चिरलेला लसूण घाला. लसूण चिरून पाच मिनिटं तसाच ठेवला तर वास जास्त खुलतो, कारण पाकळी कापल्यावरच तो वास तयार व्हायला लागतो.

तेल तापवून गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि चिली फ्लेक्सचा एक कण टाकून बघा. भोवती बुडबुडे आले आणि कण लालच राहिला, तर तेल बरोबर तापलंय. कण काळा पडला तर अजून थोडं थांबा. मग तेल वाडग्यात हळूहळू ओता. चर्र आवाज होईल, रंग सुटेल. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. म्हणून या तेलाने तिखटपणा प्रत्येक शेवेला लागतो.

सोया सॉस, व्हिनेगर, साखर आणि पीनट बटर तेल जरा निवल्यावरच घाला. गरम तेलात ओली वस्तू पडली की ते अंगावर उडतं. मुलं आसपास असतील तर हे मुद्दाम लक्षात ठेवा.

नूडल्स उकडताना

मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळ उकळू द्या. मीठ घालू नका, सोया सॉसमध्ये भरपूर असतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी एक शेव चावून बघा. मध्यभागी किंचित कडकपणा जाणवला की लगेच उतरवा. सॉसमध्ये ढवळेपर्यंत ती पुरती शिजते.

चाळणीत ओतण्याआधी अर्धी वाटी पाणी काढून ठेवा. हे गढूळ पाणी बहुतेक जण ओतून देतात आणि आम्हाला त्याची हळहळ वाटते. त्यात नूडल्समधला स्टार्च उतरलेला असतो, आणि त्यामुळे तेल आणि सोया सॉस वेगळे न राहता एकजीव होतात. चार-पाच चमचे सॉसमध्ये घालून घोटा, मग गरम नूडल्स टाकून मिनिटभर नीट वरखाली करा. त्या थंड पाण्याखाली धुऊ नका, धुतल्यावर सॉस चिकटत नाही.

फार तिखट झालं तर वरून पाणी घालून उपयोग नाही. आणखी चमचाभर पीनट बटर आणि थोडी साखर घाला. खाताना ठसका लागला तर दूध प्या.

पत्रकातल्या पाककृतीत सोया आणि तीळ आहेत, पीनट बटर घातलं तर शेंगदाणेही आले. नूडल्स गव्हाच्या आहेत. घरात कोणाला यांची ॲलर्जी असेल तर आधी विचारून घ्या.

उरलेल्या नूडल्स दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्या गोळा होऊन बसतात, म्हणून गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा, वाफेने मोकळ्या होतील.