इंदूरचे कॉलनी-बगीचे आणि ओल्या कचऱ्याचं भांडण

होळकरांच्या बागा सोडा, त्या दरबारी. रहवाशांनी मिळून सांभाळलेले बगीचे आले ते कॉलन्या झाल्यावर, लेआउटमध्ये ओपन स्पेस सोडावीच लागायची म्हणून, आणि 1978 च्या सुमारास नर्मदेचं पाणी आल्यावर त्यात काही लावायची हिंमत झाली. कोपऱ्यात रिटायर्ड मंडळींचे पालक-मेथीचे वाफे आणि मागे खताचा खड्डा, असं साधारण चित्र.

खत ही तर इथलीच गोष्ट. 1918 मध्ये दरबाराला नगररचनेचा अहवाल देणाऱ्या स्कॉटिश पाहुण्याने सांगितलंच होतं की घाण गटारात नको, मातीत जाऊ द्या. पुढे 1924 ते 1931 मध्ये इथल्या शेती संस्थेत एका इंग्रज शास्त्रज्ञाने पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख असे थर रचून साधारण तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला अजून इंदूर पद्धतच म्हणतात.

खरा तिढा 2016-17 चा. घरोघरी गाडी यायला लागली, गीला-सूखा वेगळा, रस्त्यावरच्या पेट्या गेल्या, 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला. मग प्रश्न आला की कॉलनीचा ओला कचरा गाडीत जायचा की बगीच्यातल्या खड्ड्यात? गाडीवाल्यांची बाजू खोटी नाही. खड्डा वेळेवर पालटला नाही की वास, उंदीर, माश्या, आणि शेजारचा प्लॉटवाला थेट पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे, वर पालटणारे काका सत्तरीचे आणि मुलं पुण्या-बंगळुरात. पण खड्डे बुजले तशी बगीच्याची रोजची वर्दळ पण बुजली हे कुणी हिशोबात धरलंच नाही, कारण ज्या काकू साली टाकायला यायच्या त्याच जाता जाता पाणी घालायच्या, दोन पेंड्या मेथी न्यायच्या, आणि कुणी गाडी आत लावली तर ओरडायच्या पण. घरी खत करा असं सांगणारी मोहीम होती, ती कुंडीपुरती राहिली.

2022 मध्ये इंदूरच्या देवगुराडियाला बायो-सीएनजीचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा, प्लांट झाला, रोज 550 टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा, आणि त्यातून रोज 100 टन खत निघेल असं सांगितलं गेलं. काम मोठं आहे, वादच नाही. पण एवढ्या प्लांटला रोज माल लागतो, त्यामुळे खड्ड्याची बाजू घेणारा आता सहसा भेटत नाही.

पाण्याचं तर काय, नर्मदा सत्तरेक किलोमीटरवरून पंप होऊन एक दिवसाआड येते, ती मेथीला घालायला लाज वाटते आणि बोरिंग मेमध्ये साथ सोडतं.

गंमत म्हणजे 2016 च्या देशभरच्या नियमांत 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटवाल्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. म्हणजे पेव्हर ब्लॉकवाल्या नव्या टाउनशिपने खत करायचं, आणि माती आहे त्या जुन्या कॉलन्यांनी साली गाडीत टाकून खत विकत आणायचं.