शस्त्र परवान्याची चौकशी : पोलीस काय विचारतात आणि का

परवान्याचा अर्ज भरून झाला की आमच्या दुकानात बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : "आता ठाण्यातून बोलावणं येईल, तेव्हा काय सांगायचं?" अर्जातले रकाने कसेही भरता येतात, पण समोर बसून उत्तरं द्यायची म्हटलं की भलेभले गडबडतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांमधून हा प्रश्न विशेष येतो, कारण अनेकांचा ठाण्याशी उभ्या आयुष्यात संबंध आलेला नसतो. आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक त्यासाठीच काढलं आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. चौकशी होते याचा अर्थ तुमच्यावर संशय आहे असा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवावाच लागतो. आपल्याकडे हा अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर. त्यामुळे अर्जदार डॉक्टर असो, निवृत्त सुभेदार असो की सराफा बाजारातला व्यापारी, चौकशी सगळ्यांची होते. ओळख लावून ती टाळण्याचा प्रयत्न करू नका. ज्याची चौकशी नीट झाली आहे, त्याचीच फाइल पुढे टिकते.

घरी कोण येतं

साधारणपणे आधी बीटचा हवालदार किंवा आरक्षक (शिपाई) घरी येतो. पत्ता खरा आहे का, तुम्ही तिथे खरंच राहता का, घरात कोण कोण आहे हे तो पाहतो. शेजाऱ्यांनाही विचारतो. याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन-तीन शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की अर्ज केला आहे, कोणी विचारायला आलं तर जे आहे ते सांगा. त्यांना उत्तरं पढवू नका. पाच माणसांनी एकाच शब्दांत एकच गोष्ट सांगितली की समोरच्याला लगेच कळतं.

आलेल्या माणसाचं नाव आणि ठाणं लिहून ठेवा. चहापाणी विचारणं हा आपल्या घरचा रिवाज आहे, तो पाळा. पैशांची गोष्ट निघाली तर द्यायचे नाहीत, मग मागणारा वर्दीतला असो की "काम करून देतो" म्हणणारा दलाल. अशी मागणी झाली तर लोकायुक्त पोलिसांकडे तक्रार करता येते. सरकारी शुल्काची पावती मिळते. ज्याची पावती नाही ते शुल्क नाही.

यानंतर ठाण्यात बोलावतात. तिथे टी.आय. (ठाण्याचे प्रमुख निरीक्षक) स्वतः बोलतात किंवा एखाद्या उपनिरीक्षकाला सांगतात. काही प्रकरणांत वरचे अधिकारीही भेटीला बोलावतात.

कशासाठी पाहिजे?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर जातो, आणि सगळ्यात कच्ची उत्तरं याचीच येतात. "आमच्या घरात आजोबांपासून बंदूक आहे", "दसऱ्याला पूजेत ठेवायला", "सगळ्यांकडे आहे" ही उत्तरं मनापासून दिलेली असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात खांद्यावर बंदूक असणं ही प्रतिष्ठा मानली गेली आणि आपली सरदार-शिलेदारांची घरंही त्याच हवेत वाढली. पण अधिकाऱ्याला प्रतिष्ठेचा अहवाल लिहायचा नसतो. त्याला तुमची गरज लिहायची असते.

गरज असेल तर ती तपशिलाने सांगा. सोन्या-चांदीचा व्यवसाय असेल तर माल कुठून कुठे न्यावा लागतो, दुकान किती वाजता बंद होतं, बरोबर कोण असतं. डबरा किंवा भितरवारकडे शेती असेल आणि नीलगाय, रानडुकरं पिकाची नासाडी करत असतील, तर शेताचे कागद आणि नुकसानीची अर्जी दिली असेल तर तिची प्रत. पीक राखण्यासाठी टोपीदार (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीची तरतूद कायद्यातच आहे. फौजेतून निवृत्त होऊन सुरक्षारक्षकाची नोकरी मिळणार असेल तर सैन्यसेवेचे कागद आणि नोकरी देणाऱ्याचं पत्र. नेमबाजीसाठी हवी असेल तर क्लबचं सदस्यत्व.

जिवाला धोका आहे असं म्हणायचं असेल तर त्याचा मागमूस कागदावर असायला हवा : तक्रार, एफआयआर, धमकीची नोंद. धोका नसेल तर तो तयार करू नका. ज्या ठाण्यात तुम्ही "मला धमक्या येतात" असं सांगता, तिथेच तुमची एकही तक्रार नोंदलेली नसेल, तर पुढचं सगळं बोलणं त्या एका वाक्यापाशी अडकतं.

जुन्या गोष्टी

इथे आम्ही आग्रहाने सांगतो : काहीही लपवू नका.

अर्जात स्पष्ट विचारलेलं असतं की शिक्षा झाली आहे का, शांतता राखण्याचं जामीनपत्र लिहून घेतलं आहे का, पूर्वी अर्ज नामंजूर झाला आहे का, घरात दुसऱ्या कोणाचा परवाना आहे का. चौकशीत हेच प्रश्न पुन्हा तोंडी येतात आणि उत्तर ठाण्याच्या रजिस्टरशी ताडून पाहतात.

आपल्या जुन्या वाड्यांमध्ये भाऊबंदकी नवी नाही. अंगण कोणाचं, जिना कोणाचा, भाडेकरू कोणी काढायचा यावरून वाद होतो, दोन्ही बाजू ठाण्यात जातात आणि पोलीस दोघांवरही "एकशे सात-सोळा" (शांतता राखण्यासाठी जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १०७ आणि ११६ ची कारवाई) करून मोकळे होतात. घरचे लोक ती गोष्ट विसरून जातात, रजिस्टर विसरत नाही. (१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात या कलमांचे आकडे १२६ आणि १३५ झाले आहेत. ठाण्यात अजून दोन्ही आकडे कानावर पडतील.) अशा कारवाईत जामीनपत्र लिहून घेतलं असेल, तर त्याची मुदत चालू असेपर्यंत कायदा परवाना देऊ देत नाही. मुदत संपली असेल तर अडसर राहत नाही, पण ते प्रकरण सांगितलेलं हवं. प्रकरणाचा शेवटचा आदेश काढून फाइलला लावा.

हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून संपल्यावरही पाच वर्षं परवाना मिळत नाही. खटला चालू असेल तर प्रत्येक प्रकरण त्याच्या स्वरूपाप्रमाणे पाहिलं जातं. माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली पुढे कधीही रद्द होऊ शकतो. मग शस्त्रही जातं आणि विश्वासही.

नावांचा घोळ

छोटी वाटणारी ही बाब मराठी अर्जदारांच्या फाइली सगळ्यात जास्त वेळा परत पाठवते. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिपेडी नाव लिहितात. इथल्या हिंदी कागदांवर मधलं नाव गळलेलं असतं. बायकांच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जुन्या रेशनकार्डावर तिसरंच. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर "ही एकच व्यक्ती आहे" असं शपथपत्र आधीच करून घ्या. गेल्या काही वर्षांत पुण्याहून किंवा नागपूरहून इकडे आला असाल, तर जुन्या पत्त्याच्या ठाण्यातूनही अहवाल मागवला जाऊ शकतो. तिकडचा पत्ता पिनकोडसह बरोबर लिहा.

घरातली सुरक्षितता

शस्त्र कुठे ठेवणार? किल्ली कोणाकडे? काडतुसं वेगळी ठेवणार का? घरात लहान मुलं आहेत का? या प्रश्नांना "कपाटात" एवढं उत्तर पुरत नाही. भिंतीत किंवा जमिनीत घट्ट बसवलेली कुलुपाची पेटी आणि काडतुसांसाठी वेगळं कुलूप ही व्यवस्था अर्जाआधीच करा. आलेल्या माणसाला ती दाखवता येते.

दारूचं विचारतात. घरातल्या भांडणांचं विचारतात. कधी बायकोला वेगळं विचारतात, आणि ते योग्यच आहे. महिला अर्जदार असतील तर नवऱ्याने किंवा दिराने त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. परवाना ज्याच्या नावावर, बोलायचं त्याने.

आम्ही शस्त्रं विकतो, तरीही हे सांगणं आमचं काम समजतो : घरात कोणाला दारूचं व्यसन असेल, कोणी फार निराश असेल, जगणं नको वाटतं असं बोलत असेल, किंवा भावाभावांत हातघाईवर येणारा वाद चालू असेल, तर सध्या अर्ज करू नका. आधी त्या माणसाकडे लक्ष द्या. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

लग्नातल्या हर्ष फायरबद्दल, म्हणजे आनंदात झाडलेल्या गोळ्यांबद्दल, विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका ही मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

मिळकतीबद्दल विचारतील, पण मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ सांगतं. वय मात्र २१ पूर्ण हवं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला जवळ ठेवा. याशिवाय स्थानिक अटीही येतात-जातात. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अर्जदारांना दहा रोपं लावून फोटो जोडायला सांगितलं होतं. सध्या काय लागू आहे ते कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेच्या खिडकीवर विचारून घ्या.

वारसाची बंदूक

वडील किंवा पती वारले आणि त्यांची बारा बोर घरात आहे, अशी घरं आपल्यात बरीच आहेत. ती तशीच कपाटात ठेवणं गुन्हा ठरू शकतो. मृत्यूनंतर विनाकारण उशीर न करता शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मग वारसाने स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, बाकी वारसांची ना-हरकत जोडून. परवानाधारक हयात असतानाही, वयाची सत्तर वर्षं किंवा शस्त्र बाळगल्याची पंचवीस वर्षं, यांपैकी जे आधी होईल त्यानंतर तो वारस सुचवू शकतो. या अर्जदाराचीही चौकशी नव्या अर्जदारासारखीच होते. "हे वडिलांचंच आहे" म्हणून सूट मिळत नाही.

उत्तर नाही आलं तर, किंवा नकार आला तर

ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता आदेश काढण्याची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिली आहे. तेव्हा अर्जाचा क्रमांक घेऊन शस्त्र शाखेत लेखी विचारणा करा. नकार आला तर त्याची कारणं मागा. लोकहिताला बाध येत असेल तेवढंच सोडून, ती देणं अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. कलम १८ खाली अपील करता येतं आणि त्याला मुदत असते, म्हणून आदेश हातात पडल्याच्या दिवशीच तारीख टिपून वकिलाला दाखवा.

आमच्या दुकानात अर्ज भरायला, कागद तपासायला आणि वारसाचं शस्त्र जमा करून घ्यायला मदत मिळते. येताना मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन छायाप्रती आणा. वारसाचं प्रकरण असेल तर मृत्यूचा दाखला आणि जुनी परवाना पुस्तिका. शस्त्र स्वतः उचलून रस्त्याने आणू नका. आधी फोन करा, ते कसं आणायचं ते आम्ही सांगू. चौकशीच्या वेळी मात्र आम्ही बरोबर येत नाही. तिथे तुमचं स्वतःचं बोलणंच लागतं.