वजन गेलं, वस्तुमान राहिलं

कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला वजन जाणवत नाही. मग वीस टनांचं यान बोटानं ढकललं तर हलेल का? हलेल, अगदी सावकाश. पण एकदा हललं की त्याला थांबवायलाही तितकाच जोर लागेल. वजन नाहीसं झालं तरी वस्तुमान कुठे जात नाही, आणि वस्तुमान म्हणजेच जडत्व. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे पहिले दोन भाग जोडताना खरा कस लागला तो इथेच.

त्यातला पहिला भाग ‘झार्या’. तो २० नोव्हेंबर १९९८ रोजी कझाकस्तानातल्या बैकानूर तळावरून कक्षेत गेला. दोन आठवड्यांनी, ४ डिसेंबरला, ‘एन्डेव्हर’ हे अमेरिकेचं शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं अवकाशयान, सहा अंतराळवीर आणि ‘युनिटी’ नावाचा दुसरा भाग घेऊन त्याच्या मागे निघालं. पाठलागाची रीत उलटी वाटेल अशी आहे: पुढच्या यानाला गाठायचं तर त्याच्यापेक्षा खालच्या कक्षेत राहायचं. खालची फेरी लवकर पूर्ण होते, त्यामुळे अंतर आपोआप कमी होत जातं.

६ डिसेंबरला या सहांपैकी नॅन्सी करी यांनी शटलच्या सुमारे १५ मीटर लांबीच्या यांत्रिक हातानं झार्याला पकडलं. पृथ्वीवर या हाताला स्वतःचा भारही पेलत नाही. इथे त्यानं वीस टनांच्या आसपासचं धूड धरलं होतं. त्यात युनिटी आधीच शटलवर उभी केलेली, म्हणजे खिडकीतून समोरचं दिसणं बंद. करी यांनी सगळं कॅमेऱ्यांच्या आधारानं केलं. मला या मोहिमेतलं हे काम सर्वांत अवघड वाटतं, कारण अशा वेळी घाई केली की हलू लागलेलं जडत्व आवरता येत नाही. झार्या युनिटीच्या अगदी वर आणून धरल्यावर कमांडर रॉबर्ट कबाना यांनी शटलचे छोटे इंजिनझोत सोडले, शटल युनिटीसह हलकेच वर सरकलं आणि दोन्ही भाग जुळले.

जुळले, पण युनिटीत अजून वीज नव्हती. जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन यांनी ७ डिसेंबरला बाहेर पडून चाळीस केबल जोडल्या, तेव्हा कुठे ती जागी झाली. हे ऐकायला सोपं वाटतं. पण अधांतरी असताना पाना फिरवला तर बोल्टऐवजी माणूसच फिरतो. त्यामुळे आधी पाय अडकवून घ्यायचे, मग हात चालवायचे. सूटमधल्या हवेच्या दाबानं हातमोजे ताठ होतात आणि दर वेळी मूठ वळताना त्या दाबाशी झगडावं लागतं. दोघांनी तीन खेपांत मिळून २१ तासांहून अधिक वेळ बाहेर काढला.

१० डिसेंबरला युनिटीचं दार उघडलं. कबाना आणि रशियाचे सर्गेई क्रिकालेव्ह खांद्याला खांदा लावून एकाच वेळी आत शिरले. पहिलं पाऊल कोणत्या देशाचं, हा प्रश्नच त्यांनी उरू दिला नाही. आणि २ नोव्हेंबर २००० रोजी स्थानकावर राहायला पहिली तुकडी आली, तेव्हा तिच्या तिघांतले एक क्रिकालेव्हच होते.