मॉरिशसमध्ये ६८ टक्के भारतीय वंशाचे? आकडा १९७२ चा!

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा आकडा आजचा नाहीच. जमात कोणती, हे तिथल्या जनगणनेत शेवटचं विचारलं गेलं १९७२ मध्ये. पुढे तो रकानाच गेला. आता धर्म आणि भाषा विचारतात. २०११ मध्ये हिंदू ४८.५ टक्के, मुस्लिम १७.३ टक्के. हे धर्माचे आकडे, त्यांवरून वंश काढायला गेलं की घोळ होतो. 'घरोघरी भोजपुरी' हीसुद्धा थापच! ८६ टक्क्यांहून अधिक लोक घरी क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा) बोलतात, भोजपुरी जेमतेम ५ टक्के.

गंमत म्हणजे जमातींचा समतोल राखायला हरलेल्या उमेदवारांतून भरल्या जाणाऱ्या संसदेच्या जादा आठ जागांची वाटणी अजून १९७२ च्याच आकड्यांवर होते. त्यासाठी राज्यघटनेत चारच गट: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण'. मराठी मंडळी धरली जातात हिंदूंत.