डकटेल्स (व्हिडिओ गेम)

डकटेल्स हा जपानच्या कॅपकॉम कंपनीने निन्टेन्डो कंपनीच्या, टीव्हीला जोडायच्या ८-बिट खेळयंत्रासाठी बनवलेला मुलांचा व्हिडिओ गेम. डिस्नेच्या त्याच नावाच्या कार्टून मालिकेवर (१९८७) बेतलेला हा गेम १९८९ मध्ये अमेरिकेत आला. निन्टेन्डोच्याच गेम बॉय या हातातल्या खेळयंत्रावरची आवृत्ती १९९० ची.

खेळणारा मालिकेतला श्रीमंत बदक अंकल स्क्रूज होऊन खजिने गोळा करतो. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच स्टेज असून सुरुवात कुठूनही करता येते. गेमचा खरा जीव स्क्रूजच्या काठीत आहे. हवेत असताना खालचे बटण आणि 'बी' बटण दाबून धरले की स्क्रूज काठीवर टुणटुण उड्या मारतो, शत्रूच्या डोक्यावर आपटतो, काट्यांवरूनही सहीसलामत जातो. त्याच काठीने दगड टोलवायचे. एका काठीतून एवढे खेळ काढणारे गेम त्या काळात थोडेच होते. हिमालयात मात्र ही युक्ती फसते: मऊ बर्फावर काठी टेकवली की स्क्रूज त्यात रुतून बसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर पारा चाळिशीपार असताना परभणी-नांदेडकडच्या पोरांनी बर्फाचा धडा असा घेतला.

मराठवाड्यात मालिका आधी पोचली, गेम मागून. म्हैसमाळ आणि अंबाजोगाईच्या टॉवरवरून दिसणाऱ्या दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात रविवारी ही मालिका हिंदीत लागे. त्यामुळे स्क्रूज, त्याच्यासोबतची तीन पिल्ले आणि वैमानिक लाँचपॅड ही सगळी ओळखीची मंडळी होती. गेम आला तो बहुतेक घरांत मूळ निन्टेन्डोवर नव्हे, तर त्याची नक्कल असलेल्या स्वस्त 'टीव्ही गेम'वर. त्याच्या कार्ट्रिजला सगळे 'कॅसेट'च म्हणत. चित्र आले नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. खरे तर फुंकरीने नव्हे, पुन्हा नीट बसवल्याने पिना जुळत.

हिरोशिगे तोनोमुरा यांचे संगीत, विशेषतः चंद्राच्या स्टेजची धून, आजही आवडीने ऐकली जाते. वेफॉरवर्ड या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये गेमची नवी आवृत्ती काढली.

गेममधल्या सूचना इंग्रजीत होत्या आणि मराठी शाळेतली मुले त्या बटण दाबून पुढे ढकलत. अडायचे ते आफ्रिकेच्या खाणीशी. तिचे दार उघडणारी किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात असते आणि तसे पडद्यावर लिहूनही येते. न वाचणाऱ्याला ही गोष्ट शेजारच्या थोरल्या दादाकडूनच कळायची. सराव असला तर तासाभरात गेम संपतो, पण अर्धवट खेळ साठवून ठेवायची किंवा पासवर्डने पुढे सुरू करायची सोय त्यात नाही. त्यामुळे चौथ्या स्टेजला लाईट गेली, की ती आल्यावर पुन्हा पहिल्यापासून काठी आपटत निघावे लागे.