चौथा आकडा करतो काय?

थ्रीडी ग्राफिक्सची कोणतीही गणिती लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामरसाठीचा तयार गणिती कोड, उघडा. सी प्लस प्लसवाल्यांची जीएलएम घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्समॅथ. जग तीन मितींचं, पण बिंदू ठेवायला चार आकड्यांचा सदिश (आकड्यांची रांग) आणि तो हलवायला चार बाय चारची मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता)! हा चौथा आकडा, म्हणजे डब्ल्यू, ही ‘चौथी मिती’ असल्याचं ठोकून देणारे लोक भेटतात. चौथ्या मितीच्या नावावर आत्म्यापासून परग्रहवासीयांपर्यंत वाट्टेल ते खपवलं जातं, त्यात ही आणखी एक भर. प्रत्यक्षात डब्ल्यू ही निव्वळ गणिती सोय आहे, पण काय देखणी सोय!

तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सने बिंदू फिरवता येतो, ताणता येतो, आरशातल्यासारखा उलटवता येतो. एकच गोष्ट जमत नाही: सरकवणं. मॅट्रिक्सची प्रत्येक ओळ एक्स, वाय, झेडला कशाने तरी गुणते आणि बेरीज करते. बिंदू (०, ०, ०) असेल तर कशानेही गुणा, उत्तर शून्यच. आरंभबिंदू जागचा हलत नाही.

आता (२, ३, ५) या बिंदूला शेपटीला १ जोडा: (२, ३, ५, १). मॅट्रिक्सची पहिली ओळ (१, ०, ०, १०) ठेवा. गुणाकार करा: २ + ० + ० + १० × १ = १२. बिंदू एक्स दिशेने १० घरं सरकला! बेरीज गुणाकाराच्या पोटात शिरली ती त्या १ मुळे.

आणि १ ऐवजी ० ठेवला तर? तो १० शून्याने गुणला जाऊन नाहीसा होतो. म्हणजे ज्या सदिशाचा डब्ल्यू ० तो फिरतो, पण सरकत नाही. दिशा अशीच वागायला हवी. घर उचलून दुसरीकडे ठेवलं म्हणून उन्हाची दिशा बदलत नाही. गंमत म्हणजे एका बिंदूतून दुसरा वजा केला की १ − १ = ०, दिशा आपोआप हाती येते.

तिसरं काम सगळ्यात भारी. या पद्धतीत (२, ३, ५, १) आणि (४, ६, १०, २) हा एकच बिंदू, कारण शेवटी सगळ्याला डब्ल्यूने भागायचं असतं. मग मॅट्रिक्सची तळाची ओळ (०, ०, १, ०) केली तर डब्ल्यूच्या जागी झेड, म्हणजे अंतर, येऊन बसतं. भागाकार झाला की ५ अंतरावरचा २ होतो ०.४ आणि १० अंतरावरचा २ होतो ०.२. लांबचं लहान दिसू लागलं! (जीएलएममध्ये त्या १ च्या जागी सहसा उणे १ दिसेल, कारण ग्राफिक्स कार्डाला काम सांगायच्या ओपनजीएल या पद्धतीच्या प्रथेत कॅमेरा उणे झेडकडे बघतो.) हा भागाकार ग्राफिक्स कार्ड स्वतःच करतं. या चौथ्या आकड्याच्या कल्पनेचं मूळ जर्मन गणिती मोबियसच्या १८२७ च्या पुस्तकात आहे, संगणकाच्या कितीतरी आधी.

सगळं गुणाकारात बसलं की फिरवणं, सरकवणं, कॅमेरा हे सारं एकाच मॅट्रिक्समध्ये कोंबता येतं. अशा दोन मॅट्रिक्स गुणायला ६४ गुणाकार आणि ४८ बेरजा लागतात, पण त्या एकदाच. नंतर लाखो बिंदूंना तीच एक मॅट्रिक्स पुरते. त्यात इंटेलने १९९९ मध्ये पेन्टियम ३ या प्रोसेसरमध्ये आणलेल्या एसएसई नावाच्या सूचना ३२ बिटांचे नेमके चार आकडे एका दमात गुणतात. फिरवण्यासाठी क्वाटर्नियनही वापरतात. त्यातही चारच आकडे, पण तो प्राणी वेगळा.

नवशिक्याचा घाम निघतो तो मात्र मांडणीत. ओपनजीएलच्या परंपरेत सदिश उभा, मॅट्रिक्सच्या उजवीकडे, आणि सोळा आकडे रकान्यांच्या क्रमाने साठवलेले. डायरेक्टएक्समॅथमध्ये सदिश आडवा, डावीकडे, आणि आकडे ओळींच्या क्रमाने. कागदावर दोन्ही मॅट्रिक्स एकमेकींच्या ट्रान्सपोज, म्हणजे एकीच्या ओळी ते दुसरीचे रकाने, अशा उलट दिसतात. मेमरीत पाहा: सरकवण्याचे तीन आकडे दोन्हीकडे तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या जागीच! दोन उलट्यांची मिळून एक सुलटी झालेली असते. हे न बघता कुणी मध्येच ‘असू दे’ म्हणून ट्रान्सपोज घातला, की तो १० थेट डब्ल्यूच्या ओळीत जातो. मग घर सरकायचं राहतं बाजूला, आणि भागाकारात त्याच्या भिंती वेड्यावाकड्या होतात.