मांड (गोवा)

मांड म्हणजे गोव्यातील गावाची सामाईक आणि पवित्र मानलेली मोकळी जागा. लोकनृत्ये, लोकनाट्ये, देवाला घालायची गाऱ्हाणी (गावासाठीची प्रार्थना) आणि गावच्या बैठका इथे होतात. भिंती नसतात, मुळात छप्परही नसते. शेणाने सारवलेली सपाट जमीन आणि जवळ तुळशीवृंदावन किंवा देवाचा पाषाण, एवढे असले की पुरते. काही मांड देवळासमोर असतात, काही एखाद्या जुन्या घराच्या अंगणात. पुरुषांचा शिगम्याचा (फाल्गुनातल्या होळीच्या उत्सवाचा) मांड आणि बायकांचा धालोचा (नाचगाण्यांच्या उत्सवाचा) मांड वेगवेगळे असणारी गावेही आहेत.

मांडावर कोणती कामे कोणी करायची, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. सारवण, दिवा, नारळ, गाऱ्हाणे आणि पहिले नमन ही ठराविक घराण्यांची कामे, आणि तेच त्यांचे मान. यामागे गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी जमीन आणि कारभार मिळून सांभाळण्याची, जुनी व्यवस्था आहे. गावकरी पोर्तुगीजांच्या आधीपासूनची. तिच्या रीतिभाती १५२६ च्या सनदेत पोर्तुगीजांनी नोंदवून घेतल्या. देवस्थानांसाठी पुढे १८८६ मध्ये महाजनांचा (देवस्थानाचे हक्कदार असलेल्या घराण्यांचा) कायदा झाला, आणि आता देवस्थानांवरील देखरेख तालुक्याच्या मामलेदाराकडे असते. म्हणूनच आजही मानापानाचा तंटा मिटला नाही, तर तो मामलेदारापर्यंत जातो आणि कधीकधी उत्सवच बंद पडतो. गावाला त्याची बोच फार लागते, कारण मांड अडला म्हणजे त्या वर्षी देवाची सेवाच राहिली, असे लोक मानतात.

धालो पौष महिन्यातले. रात्रीची जेवणे आटोपली की बायका मांडावर जमतात, दिवा लावून धरतरी मातेला आणि गावच्या देवदेवतांना नमन करतात. मग दोन फाती (रांगा) समोरासमोर उभ्या राहतात. एकमेकींच्या पाठीमागे हात गुंफलेल्या या रांगा गात गात पुढे येतात, वाकतात, मागे सरतात. एका फातीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. माहेर, सासर, शेत, रान, देव सगळे या गाण्यांत येते, आणि वर्षभर घरात न बोललेले बरेच काही इथे मोकळेपणी गायले जाते. शेवटच्या रात्री सोंगे निघतात, काही गावांत बाईच्या अंगात ‘रंभा’ संचारते. पुरुषांना तिथे सहसा स्थान नसते. बायकांच्या स्वतःच्या अधिकारात चालणारा इतका जुना सार्वजनिक सोहळा म्हणून धालोच्या मांडाचे मोल मोठे आहे.

फाल्गुनात मांड पुरुषांकडे येतो. जुन्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागांत) धाकटा शिगमा पौर्णिमेला संपतो, तर नव्या काबिजादींत (नंतर जिंकलेल्या भागांत) थोरला शिगमा पौर्णिमेपासून सुरू होतो. आधी मांडावर नमन, मगच ढोल-ताशांसह खेळ्यांनी (नाचणाऱ्या पुरुषांनी) घरोघर जायचे, हा क्रम मोडत नाहीत. सत्तरीत घोडेमोडणी (लाकडी घोडा कमरेला बांधून केलेला नाच) आणि जती (लोकगीते) गात रंगणारे रणमाले हे लोकनाट्य, झरमे गावात चोरोत्सव, डिचोलीतील साळ गावात गडे (अंगात संचार होणारे पुरुष), अशी प्रत्येक गावाची आपली तऱ्हा. झरम्यात चोर समजून मारल्या गेलेल्या निरपराध्यांची कथा सांगतात, आणि त्यांच्या स्मरणात तो विधी करतात.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेस आणि सासष्टीतील देवळे पाडली गेली. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने ख्रिस्ती झालेल्यांच्या अनेक जुन्या रीतींवर बंदी घातली. तरीही मांड पुरता पुसला गेला नाही. ख्रिस्ती गावडे या जुन्या आदिवासी समाजात त्याच्या खुणा राहिल्या, आणि बारदेसमधील शिवोलीचा जागर (रात्री चालणारे विधिनाट्य) नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी हिंदू व ख्रिस्ती मिळून करतात.

१९६१ मध्ये पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यावर पंचायती आल्या, ग्रामसभा सभागृहात भरू लागल्या. नाटके आणि भजने बहुधा देवळाच्या सभामंडपात वा प्रांगणात होतात. शहरांत शिगम्याच्या सरकारी मिरवणुका निघतात, तिथे रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे मेळे) आणि चित्ररथांना बक्षिसे असतात. त्यामुळे तरुण तालमीला येतात, ही जमेची बाजू. मात्र मिरवणुकीत दिसते ते नाचाचे बाह्य रूप. नमन, गाऱ्हाणे आणि मान मांडावरच घडतात. अलीकडे पुष्कळ मांडांवर पत्र्याची शेड आणि सिमेंटचा कोबा आला आहे. शेडमुळे अवेळी पावसाची भीती राहत नाही, पण कोब्याला सारवण लागत नाही, आणि सारवणीच्या निमित्ताने आदल्या दिवशी जमणाऱ्या बायकांचे ते काम तिथे सुटले आहे.